पाळूखालचं मीठ

बानूबाईनं चंद्रीची मान वाकवून तिचं तोंड पार ओल्या मातीला टेकवलं, तरी शेळीनं जीभ काढली नाही. नाक फेंदारलं, एकदा शिंकली आणि अंग चोरून बाजूला झाली. मागच्या अकरा जणींनी तर तेवढीही तसदी घेतली नाही. पाळूच्या, म्हणजे तळ्याच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याची ती ओल ओलांडून त्या सरळ पुढच्या बोरीकडं गेल्या.

"काय झालं गं बयांनो तुमास्नी?" बानूबाई म्हणाली.

शेळीला विचारून उत्तर मिळत नसतं हे तिलाही कळत होतं. पण नवरा गेल्यापासून माळावर दिवसभर बोलायला दुसरं होतं कोण?

गोष्ट एवढीशी होती, आणि म्हणूनच तिला चैन पडेना. गेलं वर्षभर या शेळ्या रोज सकाळी इथं थांबायच्या आणि ही हातभर ओली जागा चाटत बसायच्या. पाळूच्या पलीकडं गोड्या पाण्याचं तळं भरलेलं, अलीकडं ढीगभर पाला, आणि यांना माती गोड. काठी उगारल्याशिवाय हलायच्या नाहीत. बानूबाईनं पहिल्याच आठवड्यात बोटाला माती लावून जिभेवर ठेवली होती. खारट लागली, चांगली सणसणीत खारट. मग तिची नजर तिथून वर वर गेली होती, पाळूच्या उतारावरच्या शहाबादी फरशीच्या ओट्यापर्यंत, आणि अंगावर काटा आला होता. भीतीनं नव्हे, मायेनं.

तो ओटा म्हणजे उमाआक्कांची समाधी होती.

उमाआक्का म्हणजे महालिंगप्पा मालकांच्या मंडळी. मालकांचा उमरग्याच्या पेठेत मिठाचा मोठा व्यापार. निजामाच्या हद्दीत या भागात कुणाच्याही भाकरीबरोबर जे मीठ जाई ते बहुतेक त्यांच्याच गोदामातून आलेलं असे. एकदा ते कामासाठी हैदराबादला गेले, तिथं हुसेनसागरावर होड्या पाहिल्या आणि तेच डोक्यात घेऊन परतले. स्वतःच्या माळावरचा ओढा अडवला, मातीची पाळ घातली, फरशीच्या पायऱ्या बांधल्या आणि सुताराकडून होडी करवून घेतली. त्या पाण्यावर एक वाफा भिजत नव्हता. पाणी सोडायला साधी तोटीसुद्धा ठेवली नव्हती, कारण सोडायचंच कशाला? लोक त्याला हौसेचं तळं म्हणायचे, आणि ते काही फार कौतुकानं म्हणायचे असं नाही.

उमाआक्कांना पोहता येत नव्हतं, पण होडीत बसायला त्या सगळ्यांच्या आधी तयार. पाळूच्या उत्तर टोकाला बसून होडीची वाट बघायच्या, आणि बसल्या बसल्या पदराच्या गाठीतलं खडामीठ काढून बानूबाईच्या शेळ्यांना तळहातावर द्यायच्या. त्यांचं माहेर कानडी मुलखातलं. शेळ्यांना बोलवायच्या तेसुद्धा कानडीत, "बा, बा," म्हणजे ये, ये. शेळ्यांना कानडी कळतं आणि मराठी कळत नाही असं बानूबाई तेव्हा चेष्टेनं म्हणायची.

पाळूवर शेळ्या येऊ द्या, हे मालकांकडून वदवून घेतलं तेही आक्कांनीच. बानूबाईचा नवरा धुळाप्पा पाळूचा राखणदार होता. त्यानं एकदा सांगितलं होतं की पाळूवर झुडूप वाढलं की त्याची मुळं आत शिरतात, झुडूप वाळलं की मुळं कुजतात, आणि मुळाच्या जागी पाण्याला वाट होते. आक्कांना पटलं. बानूबाईला त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या शेळ्या पाल्यावर ठेव आन तू मातीवर नजर ठेव. जिथं शेळी थांबंल तिथं तूबी थांबून बघत जा."

तीन वर्षांमागं, ऐन महायुद्धाच्या दिवसांत, आक्का चार दिवसांच्या तापानं गेल्या. लिंगायतांत माणसाला अग्नी देत नाहीत. आपल्याच जमिनीत खड्डा घेतात, माणसाला बसवतात, भोवती विभूती, बेलाची पानं आणि मीठ घालून माती देतात. मालकांची शंभर एकर जमीन मोकळी पडली होती. त्यांनी बोट दाखवलं ते पाळूकडं, उत्तर टोकाच्या उतारावर, जिथं आक्का बसायच्या तिथं. मीठ तेव्हा कंट्रोलवर. बायाबापड्या मूठभर मिठासाठी दुकानापुढं उभ्या राहायच्या, आणि मालकांनी त्या खड्ड्यात दोन पोती रिकामी केली. गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

धुळाप्पा तिथंच उभा होता. ही पाळ घातली तेव्हा तिच्या पोटातली काळी चिकणमाती पायानं तुडवणाऱ्यांत तो पहिला. पाळूत उंदराचं बीळ दिसलं तर दिवस मावळायच्या आत ते बुजवणारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुरुषभर खड्डा पडत होता. त्यानं कुदळीकडं बघितलं, मालकांकडं बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. घरी येऊन भाकरी न खाता बसून राहिला. "आज म्या बोलाय पायजे हुतं," एवढंच म्हणाला. पुढच्या साली तो गेला, राखण बानूबाईकडं आली, आणि ते वाक्यही तिच्याकडंच राहिलं.

म्हणून पायथ्याची माती खारट लागली तेव्हा काय समजायचं ते तिला समजलं होतं, आणि तिनं ते मनाच्या कोपऱ्यात सरकवून ठेवलं होतं. पाणी नितळ येत होतं. नितळ पाझराला भ्यायचं नसतं हे धुळाप्पाच सांगायचा. आणि खरं सांगायचं तर, आक्का अजून शेळ्यांना मीठ देतात असं वाटून तिला बरं वाटत होतं. कुणाला सांगितलं असतं तर ते सुख गेलं असतं.

आणि आता चार दिवसांपासून शेळ्या थांबेनात.

बानूबाई ओलीपाशी उकिडवी बसली. बोटाला माती लावली, चाखली. खारटपणाचा मागमूस नव्हता. "रुसलाव का आक्का?" ती म्हणाली. मग काठीचं टोक मातीत रोवायला गेली, तर काठी अडली नाही. हातभर आत गेली. तिनं घाबरून बाहेर ओढली, आणि तिच्यामागून मनगटाएवढी पाण्याची धार आली. तिनं ओंजळ धरली. पाणी गढूळ होतं, पण पाळूच्या काळ्या मातीचा गढूळपणा तिला ओळखता येत होता, आणि हा तो नव्हता. हा पांढुरका होता.

तिनं ओंजळ हलवली नाही. हळूहळू पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं आणि तळहातावर एक मऊ, करडा थर उरला. चुलीतली राख अशी नसते, तिला कण असतात. ही अंगठ्यानं चोळली तर पीठ होऊन रेषांत बसली. अशी राख बानूबाई रोज बघत होती, मालकांच्या कपाळावर.

चंद्री येऊन पदर ओढायला लागली तेव्हा ती भानावर आली. खाली वस्तीतल्या सोळा घरांवर धूर निघत होता. तिचं घर ओढ्याला सगळ्यांत जवळचं. आत तिची सून सारजा सहा दिवसांची बाळंतीण, बाळाला शेक देत बसलेली. पश्चिमेला आभाळ काळं होत चाललेलं, आणि भादव्यातला पाऊस इकडं पडतो तेव्हा विचारून पडत नाही. बानूबाईनं पळसाचं पान तोडलं, तळहातावरचा थर त्यात निपटून घेतला, पुरचुंडी केली आणि पाळू चढायला लागली.

वर वेगळीच गडबड होती. दसऱ्यानंतर हैदराबादचे पाहुणे यायचे होते. मालक पायऱ्यांवर उभं राहून होडीला रंग देणाऱ्या सुताराला सूचना करत होते. पलीकडच्या टोकाला, जादा पाणी वाहून जायला ठेवलेल्या सांडव्यात, कारभारी गुंडप्पा दोन गड्यांकडून दगड आणि मातीची पोती रचून घेत होता. पाणी आणखी हातभर चढलं की वरच्या पायरीवरूनच होडीत पाय टाकता यावा, धोतराचे सोगे भिजू नयेत, असा बेत होता.

"कारभारी, त्यो दगुड काढा," बानूबाई म्हणाली.

गुंडप्पानं छत्री या हातातून त्या हातात घेतली. "का गं? तुझ्या शेळ्यास्नी पाणी कमी पडतंय का?"

"पाळ झिरपाय लागलीया."

"मातीची पाळ हाय ती, झिरपणारच. गेल्या साली ओव्हरसियर साहेब बघून गेले न्हवं? पाणी नितळ हाय, काळजी करू नका म्हणाले."

"नितळ हुतं. आता न्हाय. आन शेळ्यांनी चाटायचं सोडलंय."

गुंडप्पा हसला. गडीही हसले, कारण कारभारी हसला होता. "शेळ्यांच्या जिभेवर मालकांचं तळं रिकामं करायचं म्हंतीस?"

"काय चाटत हुत्या?"

हा आवाज मालकांचा होता. ते कधी पायऱ्या सोडून इकडं आले ते कुणाला कळलं नाही.

बानूबाईनं पुरचुंडी दोन्ही हातांत धरली होती. "मीठ," ती म्हणाली. "पाळूखाली. आक्कांच्या वट्याच्या खाली, नीट सरळ रेषेत."

मालकांनी गुंडप्पाकडं नुसतं बघितलं. तो गड्यांना घेऊन वीस पावलं लांब जाऊन उभा राहिला. मालक सांडव्याच्या काठावर, ओल्या दगडावर, धोतराची पर्वा न करता बसले. वय झालेला माणूस बसतो तसे, एक हात आधी टेकवून.

"कवापासून?"

"वरीस झालं आसंल."

"आन सोडलं कवा?"

"चार दिस झाले."

"एकदम सोडलं का हळूहळू?"

असं कुणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं आठवून बघितलं. "आधी लई वेळ चाटायच्या. श्रावणात येऊन नुसत्या तोंड लावायच्या. आता थांबत बी न्हाईत."

समोर सुतार होडीच्या टोकाला निळा रंग देत होता. मग मालक बोलले ते तिच्याशी बोलल्यासारखं नव्हतं, गोदामात उभं राहून नव्या गड्याला शिकवावं तसं होतं.

"पावसाळ्यात थप्पीतल्या तळाच्या पोत्याला वल लागती. मीठ खालनं पाझरत ऱ्हातंय. वरनं बघितलं तर पोतं तसंच ताठ उभं दिसतंय, गोणपाट वाळून कडक झालेलं असतंय म्हणून. हात घातला की कळतंय, आत काय न्हाय." ते थांबले. "पाझर थांबला म्हणून खूश व्हायचं नसतंय. पाझर थांबला म्हंजे मीठ संपलं. जागा मोकळी झाली."

बानूबाईनं पुरचुंडी सोडून त्यांच्यापुढं धरली. मालकांनी पानात बघितलं. एका क्षणात त्यांना ओळख पटली. डाव्या हाताचा तळवा गुडघ्यावर गच्च दाबला गेला, आणि उजव्या हाताची तीन बोटं त्या ओल्या करड्या थरात हळूच टेकली. मग ती त्यांनी कपाळावर या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली.

होडीचा रंग वाळायला वारा बरा सुटलाय, असं सुतार कुणाला तरी सांगत होता.

"मालक," बानूबाई म्हणाली. "त्या दिशी खड्डा घेताना आमच्या घरधन्याला काय तरी बोलायचं हुतं. ते त्यांच्या मनातच ऱ्हायलं. त्याची सल घेऊन गेले. म्हून म्या आले."

"म्हाईत हाय."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"धुळाप्पानं तोंड उघडलेलं मला दिसलं हुतं," मालक म्हणाले. "काय बोलणार त्ये बी कळलं हुतं. पाळ बांधताना मला त्यानंच शिकवलेलं सगळं. त्यानं बोलू नये म्हणून मी मान फिरवली. तो एक शबुद बोलला असता तर मला ऐकावं लागलं असतं. दोष त्याचा न्हवता, बानू."

बानूबाईनं पदर तोंडाला लावला. दोन वर्षं ती एका मेलेल्या माणसाच्या न बोललेल्या शब्दाचं ओझं वाहत होती, आणि ते खरं दुसऱ्याचंच होतं. तिला रडू आलं, आणि थोडा रागही आला. दोन्ही तिनं गिळलं, कारण पश्चिमेकडून गार वाऱ्याची झुळूक आली होती.

गुंडप्पाला राहवलं नसावं. तो जवळ आला होता आणि शेवटचं काही त्याच्या कानावर पडलं होतं. आता तो हसत नव्हता. "मालक, घाबरायचं कारण न्हाय. स्वामींना बोलवू, विधी करून आक्कांना वरच्या मळ्यात न्हेऊ. खड्डा चिकणमातीनं ठासून भरू. तळं जसंच्या तसं ऱ्हाईल. पावण्यांच्या आत काम हुतंय."

बोलणं शहाणपणाचं होतं. बानूबाईलाही तसंच वाटलं.

मालक उठले. धोतराला मागं चिखल लागला होता. ते सांडव्यात उतरले, गड्यांनी नुकतंच रचलेलं मातीचं पोतं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढून बाहेर फेकलं. पोत्याच्या जागेतून पाणी खळखळ पलीकडं पडायला लागलं.

"तिला हलवायचं न्हाय," ते म्हणाले. "पाणी हलवा."

पुढं सगळं भरभर झालं. गुंडप्पा तोंड मिटून पळाला आणि अर्ध्या तासात वस्तीतले सगळे हाताशी असलेले गडी पहारी आणि टिकाव घेऊन सांडव्यात उतरले. तोटी नसलेल्या तळ्याचं पाणी काढायचं म्हणजे सांडवाच खोल न्यायचा. पण पाण्याला एकदम वाट दिली तर पाण्याच्याच लोंढ्यानं ओढ्याकाठची घरं जायची, म्हणून मुरूम वीत वीत खणायचा, पाणी तेवढं उतरू द्यायचं आणि मग पुढची वीत. कुठं थांबायचं, कुठं खणायचं हे बानूबाई सांगत होती. धुळाप्पाचं ऐकून ऐकून तिला ते येत होतं, हे तिचं तिलाच नवल वाटलं. खाली वस्ती रिकामी होऊन वरच्या अंगाला असलेल्या मालकांच्या मिठाच्या गोदामात गेली. सारजाची बाज चौघांनी उचलून नेली आणि गोणपाटांच्या थप्पीआड तिला आडोसा करून दिला.

पाऊस दुसऱ्या दिवशी आला आणि दीड दिवस पडला. तोवर पाणी पुरुषभर उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा पाळ जागच्या जागी होती. फक्त समाधीच्या ओट्याची खालच्या अंगाची फरशी चार बोटं खचली होती, आणि तिच्या कडेला हात जाईल एवढी भेग पडली होती. बानूबाईनं आत बघितलं नाही. चिकणमातीचे गोळे करून तिनं ती भेग स्वतः बुजवली, बाहेरून पायानं तुडवली, जशी धुळाप्पा तुडवायचा.

सांडवा खणायचं काम मात्र थांबलं नाही. समाधीच्या तळाच्याही खाली पाणी गेलं तेव्हाच मालकांनी हात वर केला. तळ्याच्या तळाशी आता शेळ्या-म्हशींना पुरेल एवढं एक डबकं उरलं होतं. निळी होडी चिखलात एका कुशीवर आडवी पडली होती. पाहुण्यांना येऊ नका म्हणून काय कारण कळवलं ते गुंडप्पालाच ठाऊक.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी बानूबाई शेळ्या घेऊन पाळूवर आली, तर ओट्याजवळ मालक बसलेले. एकटेच, कपाळावर नेहमीची विभूती, खांद्यावर उपरणं. शेळ्या त्यांच्यापासून जरा लांबच थबकल्या. त्यांना या माणसाची सवय नव्हती.

मालकांनी उपरण्याच्या टोकाची गाठ सोडली. खडामीठ निघालं. आयुष्यभर पोत्यानं मीठ विकलेला माणूस, पण चिमूटभर मीठ शेळीपुढं कसं धरायचं ते त्यांना कळत नव्हतं. बोटं मिटलेली, हात फार उंच. बानूबाईनं ओठ दाबून धरले. सांगावं की सांगू नये?

"तळहात उघडा ठिवा मालक," ती शेवटी म्हणाली. "आन खाली धरा."

मालकांनी हात उघडला, गुडघ्याच्याही खाली नेला. चंद्रीनं बानूबाईकडं बघितलं, हाताकडं बघितलं आणि जागची हलली नाही. मालक तसेच वाकून राहिले. मग त्यांनी घसा साफ केला आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात हाक मारली.

"बा," ते म्हणाले. "बा, बा."

चंद्रीचे कान उभे राहिले.